आयर्विन पूल ते हरिपूर संगम : सांगलीच्या कृष्णाकाठाचे परीक्षण

सांगलीत आलेल्या पाहुण्याने संध्याकाळी फिरायला कुठे जावे असे विचारले, तर बहुतेक सांगलीकरांचे बोट आधी गणपती मंदिराकडे आणि तिथून नदीच्या घाटाकडे वळते. उपाहारगृहांचे, कापडदुकानांचे, दवाखान्यांचे परीक्षण आपण हौसेने लिहितो. घाटाचे मात्र कोणी लिहीत नाही, कारण तिथे तिकीट नाही आणि फुकट मिळालेल्या गोष्टीला नावे ठेवणे बरे दिसत नाही, असा एक संकोच असतो. हा संकोच मला पटत नाही. नदीकाठ ही या शहरातली सर्वांत मोठी सार्वजनिक सोय आहे आणि तिच्याकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत आपण पुराच्या वर्षी व्याजासह चुकवतो. म्हणून आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंतच्या, कृष्णेच्या डाव्या काठाचे हे परीक्षण एखाद्या पैसे मोजून घेतलेल्या सेवेचे करावे तितक्याच काटेकोरपणे करायचे आहे. प्रश्न दोन आहेत. चालायला, बसायला, पोहायला आणि मुलांना खेळायला हा काठ आज कसा आहे, हा पहिला. आणि तो पुढेही मोकळा राहील याची खात्री किती, हा दुसरा. माझे मत आधीच सांगून टाकतो: जमीन पहिल्या प्रतीची आहे, सोयी कामचलाऊ आहेत आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही.

सुरुवात पुलापासून करणे योग्य. सांगली संस्थानच्या काळात, दुसरे चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, १९२९ साली हा पूल वाहतुकीला खुला झाला आणि सांगली व सांगलीवाडी जोडल्या गेल्या. पुलाशी पाण्याची पातळी मोजण्यासाठी असलेले फुटांचे आकडे हा माझ्या दृष्टीने या काठावरचा सर्वांत उपयुक्त सार्वजनिक फलक आहे. येथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात सारे शहर याच आकड्यांत बोलते. ‘पाणी किती झालं?’ या प्रश्नाला ‘अडतीस’ एवढेच उत्तर मिळते आणि ऐकणारा तळमजल्यावरचे सामान वर न्यायचे की नाही ते ठरवतो. २००५ च्या पुरात ही पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे आणि जुलै २०२१ मध्ये ५४ फुटांच्या पुढे. उन्हाळ्यात कठड्याला टेकून खाली पाहिले तर नदी इतकी खोल आणि शांत दिसते की हे आकडे खरे वाटत नाहीत. काठाच्या कोणत्याही योजनेचा आराखडा तयार करणाऱ्याने आधी इथे उभे राहून ५७ फुटांची उंची डोळ्यांनी मोजावी, मग कागदावर रेघ ओढावी.

पुलाच्या आसपासचा घाटांचा पट्टा हा या काठाचा सर्वांत वापरता आणि सर्वांत चांगला भाग आहे. सरकारी घाट, स्वामी समर्थ घाट, विष्णू घाट, माई घाट ही नावे सांगलीकरांना सांगावी लागत नाहीत. याच परिसरात वसंतदादा पाटील यांचे समाधिस्थळ आहे. १९४३ साली सांगलीच्या तुरुंगातून सहकाऱ्यांसह निसटलेल्या दादांचे स्मारक नदीकाठी असणे औचित्याचेच आहे. पहाटे पोहणारे, त्यांच्यामागून फिरायला येणारे ज्येष्ठ, सकाळी उशिरा धुणे घेऊन येणाऱ्या बाया, दुपारी कोणीच नाही आणि संध्याकाळी पुन्हा कागदाच्या पुड्यात भडंग घेऊन बसलेली कुटुंबे, असा येथील दिनक्रम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकणारी मुले अजूनही दिसतात, आणि घाटावर बसून त्यांना ‘पाय मार, पाय मार’ असे ओरडून सांगणारे आजोबाही. सांगलीच्या होड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की गर्दी सामावून घेण्याची या पायऱ्यांची क्षमता कोणत्याही सभागृहाला नाही.

या पायऱ्यांकडे जरा जवळून पाहावे. काळ्या पाषाणाचे घडीव दगड, पावलांनी आणि पाण्याने गुळगुळीत झालेल्या कडा, सांध्यांत उगवलेले बारीक गवत. पूर ओसरला की त्यांच्यावर बोटभर जाडीचा मऊ गाळ बसतो. चार दिवसांच्या उन्हाने त्याला भेगा पडतात, त्याच्या कडा वर वळतात आणि फावड्याने ओढला की तो खपलीसारखा निघतो. खाली घाट जसाच्या तसा असतो. याच्या अगदी जवळ मध्यंतरी बसवलेल्या शोभेच्या वस्तूंचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नक्षीदार दिव्यांचे खांब पुराच्या प्रवाहाच्या दिशेने वाकलेले, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पायवाटेखालची माती वाहून गेल्यामुळे ठोकळे मधेच खचलेले, बाकाचा एक पाय अधांतरी. दगड पाण्याखाली जातो आणि वर येतो. ठोकळे पाण्याखाली गेले की पुढच्या अंदाजपत्रकात येतात. पुरानंतर दुरुस्ती, दुरुस्तीनंतर उद्घाटन आणि उद्घाटनानंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या, हे चक्र काही एकट्या सांगलीचे नाही. पण सांगलीत ते अधिक खटकते, कारण योग्य बांधकामाचा नमुना दहा पावलांवर उभा आहे.

घाट संपले की खरा प्रश्न सुरू होतो. हरिपूरपर्यंतचे अंतर चालणाऱ्याला काहीच नाही. पण नदीला धरून तिथवर जाणारी सलग सार्वजनिक वाट नाही. कुठे मळीची शेती, कुठे खासगी कुंपण, कुठे राडारोडा टाकून भरलेला उतार, कुठे वीटभट्ट्यांसाठी माती काढलेला खड्डा, आणि मधूनच गुरांनी पाडलेली अरुंद पायवाट. परीक्षक म्हणून मला येथे गुण कापावे लागतात. तरी सांगतो, या संपूर्ण पट्ट्यातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. पुराने वर्षानुवर्षे आणून घातलेली ही काळी, लुसलुशीत मळी. हिच्यातच कृष्णाकाठची ती पांढुरकी-हिरवी वांगी पिकतात, ज्यांच्या भरताची चव सांगलीबाहेर गेलेला माणूस आयुष्यभर शोधत राहतो. बांधावर करंज, उंबर, जांभूळ, पाण्याशी वाळुंज. हिवाळ्यातल्या सकाळी उथळ पाण्यात शेकाटे आणि मुग्धबलाक, वाळलेल्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा, आणि माणूस दिसताच आरडाओरडा करून सगळ्यांना सावध करणारी टिटवी. काठावरच्या बाभळींकडे मान वर करून पाहिले तर गेल्या पुराने अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या डोक्याच्याही वर लोंबताना दिसतात. पूर कुठवर आला होता हे सांगायला याहून वेगळी खूण लागत नाही.

या भागाचे महत्त्व केवळ सौंदर्यापुरते नाही. जुने लोक नदीच्या सखल, पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या पट्ट्यांना ‘ओत’ म्हणतात. पाणी चढू लागले की ते आधी ओतात शिरते, पसरते, थांबते आणि ओसरताना परत नदीत जाते. हरिपूरला वारणा मिळते. तिलाही त्याच वेळी पूर असला तर कृष्णेला फुगवटा येतो आणि सांगलीपाशी पाणी तुंबते. अशा वेळी पसरायला जागा जितकी जास्त तितकी शहरातली पातळी कमी, हा साधा हिशेब आहे. ओतात भराव टाकला की तेवढे पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या घरात जाते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांची नावे दर पावसाळ्यात बातम्यांत का येतात आणि तीही पुलाजवळची पातळी इशाऱ्याच्या रेघेला पोहोचण्याच्या आधीच का येतात, याचे उत्तर त्या जमिनीच्या उंचीत आहे. तिथे राहणाऱ्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. स्वस्त मिळालेला गुंठा बहुतेकांनी आयुष्याची पुंजी घालून घेतला. पण आज मोकळ्या असलेल्या मळीवर उद्या तशीच वस्ती उभी राहू द्यायची का, हा प्रश्न अजून हातातला आहे.

संगमाकडे येताना हरिपूर रस्त्यावरच्या चिंचा आपले स्वागत करतात. जुन्या, रुंद बुंध्यांच्या या झाडांखाली वैशाखातही ऊन जाणवत नाही. नदीकाठच्या सबंध फेरीत सलग सावली मिळते ती येथेच, नदीपासून जरा आत. संगमेश्वराचे मंदिर, समोर कृष्णा-वारणेचे पात्र, श्रावणी सोमवारची जत्रा या सर्वांमुळे हरिपूरला सार्वजनिक जागेची सवय आहे. येथील पायऱ्या चढताना धाप लागते हे खरे, आणि गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी कठडा धरून उतरता येईल अशी एखादी बाजू हवी हेही खरे; पण वर आल्यावर बसायला जागा आहे, वारा आहे आणि कोणी उठ म्हणत नाही. हरिपूरची दुसरी ओळख म्हणजे हळदीची पेवे. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण येथील माती ओल झिरपू देत नाही. २००५ च्या पुराने पेवांचे मोठे नुकसान केले आणि व्यापार बहुतांशी गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते ज्या मातीच्या गुणावर उभे राहिले, ती माती पाहायला पर्यटकाला मात्र काहीच सोय नाही. या वाटेवर एक पेव उघडून, त्याच्या तोंडाशी जाळी बसवून, दोन ओळींचा फलक लावला तरी पुष्कळ होईल.

सोयींविषयी फार विस्ताराने लिहिण्यासारखे नाही. घाटांवर बसायला जागा भरपूर, सावली अपुरी. स्वच्छतागृहे कमी आणि जी आहेत त्यांकडे पाहून महिलांनी घाटावर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नये असेच कोणी ठरवले असावे, असे वाटते. चाकाच्या खुर्चीने पाण्यापर्यंत नव्हे, पण निदान वरच्या चौथऱ्यापर्यंत जाता यावे, तेही सर्वत्र शक्य नाही. निर्माल्याचे कलश आहेत, तरी निर्माल्य पिशवीसकट पाण्यात टाकणारे आपणच आहोत. आणि शेरीनाला. शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणारा हा नाला सांगलीच्या राजकारणात इतकी वर्षे आहे की एका पिढीने त्याच्यावरची आश्वासने ऐकत मतदान सुरू केले आणि दुसरी आता करते आहे. ते पाणी उचलून धुळगावला नेण्याची योजना झाली; तरीही उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला आणि कोयनेतून येणारे पाणी घटले की पाण्याचा रंग व वास दोन्ही आपापली साक्ष देतात. नदीकाठची बाग कितीही चांगली केली तरी नाकाला फसवता येत नाही. हिरव्या वाटेचा पहिला खर्च दिव्यांवर नव्हे, नाल्यावर व्हायला हवा.

एका गोष्टीचा उल्लेख पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सहसा नसतो, तो येथे करणे आवश्यक आहे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते सांगली या कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत. हिवाळ्याच्या सकाळी त्या काठावर उन्हाला पडलेल्या दिसतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठाच्या भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगर आहे, म्हणजे तिला हुसकावणे हा उपाय नाही. ती माणसावर हल्ला करते तेव्हा बातमी होते, आणि त्यातून कुटुंबे उद्ध्वस्त झालेली आहेत, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते याचा अर्थ इतकाच की काठ सगळाच्या सगळा माणसाच्या पायाखाली आणू नये. पोहण्याचे घाट निश्चित असावेत, तिथे पाहणीची व्यवस्था असावी. आणि जिथे मगरी अंडी घालतात तो उतार त्या काळात बंद ठेवून वाट वरून, शेताच्या बांधाने न्यावी. सर्वत्र फरशी घातलेला काठ मगरीला जागा ठेवत नाही, त्यामुळे ती तुमच्या घाटावर येते.

आता जमीन राखण्याविषयी. कायद्यात यासाठी पुरेशी तरतूद आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने राज्यात पूररेषांची पद्धत आणली: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित क्षेत्र. निषिद्ध क्षेत्रात इमारत नको. मोकळ्या स्वरूपाचे वापर, म्हणजे बाग, क्रीडांगण, हलकी पिके, चालतात. दुसऱ्या शब्दांत, नदीकाठी हिरवी वाट करावी ही काही निसर्गप्रेमींची लाडिक मागणी नाही. निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीचा तो जवळजवळ एकमेव शहाणा सार्वजनिक वापर आहे. पुराला अडथळा नाही, विस्थापनाचा प्रश्न नाही, नुकसानभरपाईची रांग नाही. क्रीडांगण आठवडाभर पाण्याखाली गेले तर गाळ काढावा लागतो. सदनिका गेली तर पंचनामा करावा लागतो.

घोडे पेंड खाते ते अंमलबजावणीत. विकास आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर बागेचे आरक्षण टाकले म्हणजे ती बाग झाली, असा समज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते. पैसे नाहीत म्हणून संपादन नाही, संपादन नाही म्हणून आरक्षण गेले, आरक्षण गेले म्हणून भराव आला: ही साखळी कोणत्याही वाढत्या शहरात पाहावी. रोख रकमेऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देणे हा एक मार्ग आहे आणि तो वापरला जावा. मात्र प्रत्येक गुंठा विकत घेण्याची गरजच आहे, असे मला वाटत नाही.

येथे मळीवाल्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. ‘तुम्हाला संध्याकाळचा वारा खायचा म्हणून आम्ही जमीन सोडायची का?’ हा त्याचा प्रश्न उद्धट नाही, रास्त आहे. पुराच्या वर्षी ऊस कुजतो तो त्याचा, गाळाचा फायदा होतो तोही त्याचा, आणि निळ्या रेषेमुळे जमिनीचा बिगरशेती भाव गेला तोही त्याचाच. त्याच्याकडून जमीन न घेता फक्त जाण्या-येण्याचा हक्क घ्यावा. काठाच्या वरच्या कडेने बैलगाडीच्या चाकोरीइतकी रुंद पाणंद, तिची नोंद अभिलेखात, आणि त्या पट्टीचा मोबदला. शेती आहे तशी चालू राहावी, कारण पुराच्या दृष्टीने मोकळे शेत आणि मोकळी बाग यांत फरक नाही. पाणंदी आणि वहिवाटी आपल्या खेड्यांना नव्या नाहीत. अडवलेली वाट खुली करून देण्याचे अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे आजही आहेत. वाटेच्या तोंडाशी सकाळी वांगी, मेथी, कोथिंबीर विकायची मुभा त्याच शेतकऱ्यांना द्यावी. फिरायला येणारा माणूस भाजी घेऊनच घरी जाईल, आणि वाट अडवण्यापेक्षा ती चालू ठेवण्यात शेतकऱ्याचा फायदा राहील.

वाट कशी असावी याविषयी दोन शब्द. साबरमतीच्या काठाचे छायाचित्र दाखवून ‘असे करा’ म्हणणारे प्रत्येक सभेत भेटतात. अहमदाबादच्या त्या पट्ट्यात वासणा बंधाऱ्याने अडवलेले आणि नर्मदेच्या कालव्यातून सोडलेले पाणी आहे. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घालून नदीची रुंदी ठरवून टाकली आहे. कृष्णेची रुंदी आपण ठरवू शकत नाही, हे तिने २००५ पासून पुन्हा पुन्हा सांगितले आहे. याउलट नेदरलँड्सने, १९९३ व १९९५ च्या महापुरांनंतर, बांध मागे सरकवून नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि नायमेखेनसारख्या शहरात त्या मोकळ्या जागेतच नदीकाठचे उद्यान केले. एवढे लांब जायला नको असेल तर कराडला जावे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात, त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि तिच्या सभोवार बाग आहे. मोठ्या पुरात पाणी तिथेही शिरते, बाग चिखलाने भरते, पण शहराच्या संध्याकाळचा ताण ती जागा बिनबोभाट वाहते. कराडकराला नदीकडे जायला निमित्त लागत नाही. सांगलीत पुलापासून चारशे पावलांवर राहणारी मुले मॉलमध्ये फिरतात, याचे कारण मुलांच्या आवडीनिवडीत शोधू नये.

देखभालीसाठी वाईचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ढोल्या गणपतीच्या घाटाचे फोटो सगळे काढतात. पण वाईचे घाट टिकले ते केवळ सरदार रास्ते घराण्याच्या बांधकामामुळे नव्हे. कृष्णाबाईचा उत्सव तिथे घाटाघाटांनी, आळीआळीने होतो. प्रत्येक घाटाची मंडळी आपल्या पाळीच्या आधी घाट धुतात, डागडुजी करतात, आणि शेजारच्या घाटापेक्षा आपला कमी दिसू नये याची काळजी वाहतात. निविदेत ‘वार्षिक देखभाल’ असे लिहून ही काळजी येत नाही. सांगलीच्या प्रत्येक घाटाला नियमित पोहणारे, नियमित पूजा करणारे आणि होड्या चालवणारे आहेतच. पूर ओसरला की पहिल्या आठवड्यात गाळ ओला असतानाच तो ओढून काढणे, खचलेल्या कडेला वाळा व बांबू लावणे, झाडांत अडकलेले प्लॅस्टिक उतरवणे ही कामे त्यांच्याकडे, साधने आणि मजुरी सार्वजनिक खर्चातून, अशी वाटणी करता येईल. वाळलेला गाळ काढायला चौपट श्रम लागतात, हे ज्याने एकदा फावडे धरले त्याला सांगावे लागत नाही.

गुण द्यायचेच तर जमिनीला पाचपैकी पाच, घाटांच्या जुन्या बांधकामाला पाच, नव्या शोभेला एक, सावलीला दोन, तेही हरिपूरच्या चिंचांच्या पुण्याईवर, स्वच्छतेला दोन, सलग चालता येण्याला एक. काठ मोकळा राहण्याच्या खात्रीला मी आज दीडपेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि हा आकडा वाढवणे फार खर्चिक नाही. निळ्या रेषेवर दर काही अंतरावर दगडी खुणा रोवल्या आणि त्यांवर २००५, २०१९ व २०२१ ची पातळी कोरली, तरी रात्रीतून पडणाऱ्या भरावाला चार माणसे आडवी येतील. आज रेषा नकाशावर आहे. ती जमिनीवर दिसत नाही, म्हणून तिच्या आत काय चालले आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी साडेसहाच्या सुमारास सरकारी घाटावर पोहोचावे, घाट पाहून झाले की नदी सोडून हरिपूर रस्त्याने चिंचांखालून चालत संगमावर जावे. मळीतल्या पायवाटेने जायचे असल्यास शेतमालकाला विचारून जावे आणि पाण्याच्या कडेला एकट्याने उतरू नये. पायांत जुनी चप्पल असावी, गाळ कुठे ओला असेल सांगता येत नाही. श्रावणी सोमवारी वाहन शहरातच ठेवलेले बरे. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी पुलाजवळची पातळी विचारावी. ती तिशीच्या वर सरकू लागली असेल तर बेत पुढे ढकलावा.